मी आलो की बंद होणारा बल्ब

नाही नाही, ती सोल्डरची सळई ठेवा खाली — चालू करून नकोय मला. चालूच होता तो. व्यवस्थित चालू होता, मीच उघडलाय, बटाटे सोलायच्या सुरीने. तुम्ही फक्त एकच सांगा, हे काय आहे? हे हो, हे — थांबा, डबा असा उजेडाकडे करा, कापूस काढू नका, कापसात मुद्दाम ठेवलंय, पत्री पुलापाशी रिक्षा अशी काही आदळते की माणसाचे सांधे निखळतील, ह्याचं तर काय — तर हे. बाकीचं मला माहितीये. यूट्यूबवर एक मुलगा बल्ब फोडून दाखवतो, त्याचे सगळे व्हिडिओ बघितलेत मी. ही पांढरी ताटली, हिच्यावरचे पिवळे ठिपके म्हणजे खरे दिवे. हे उभं पिंप म्हणजे कपॅसिटर. हा पट्ट्यापट्ट्यांचा रेझिस्टर. बरोबर? बरोबर. पण ही डाळ? तुरीच्या डाळीएवढी, दोन पाय, वर जिलबीसारखी नागमोडी रेघ — ही कुठल्याच व्हिडिओत नाही. आणि ही आत नव्हती, बाहेर डोकावत होती, बल्बच्या मानेपाशी भोक पाडून बसवलेली. ते भोक कंपनीचं नाही. ते त्याने पाडलंय.

त्याने म्हणजे प्रणितने. प्रणित म्हणजे आमच्या रसिकाने पसंत केलेला मुलगा. रसिका माझी मुलगी, एकुलती एक. अजून ठरलेलं काही नाही हां. तो विठ्ठलवाडीचा, लिफ्टच्या कंपनीत सर्व्हिसिंगला आहे, एक वर्ष झालं त्यांची ओळख, आणि आता मी हो की नाही ते सांगायचंय. आज. संध्याकाळपर्यंत. सकाळी डबा भरता भरता म्हणाली, बाबा, त्याच्या घरचे थांबलेत, दोन्हीपैकी काहीही सांगा पण आज सांगा, आणि डब्याचं झाकण लावून निघून गेली ऑफिसला. म्हटलं, सांगतो, पण आधी ही डाळ काय आहे ते कळलं पाहिजे, त्याच्यावर सगळं आहे. — हसू नका. तुम्हाला मुलगी आहे? नाही? मग हसा.

तुम्ही बघा भिंगातून, मी बोलतो. माझ्या बोलण्याचा त्रास नाही ना? घरी सगळ्यांना होतो. आता तुम्ही म्हणाल, ठाकुर्लीचा माणूस कल्याणला कशाला आला, डोंबिवलीत दुकानं नाहीत का? आहेत की, ढिगाने आहेत, पण तिथे मला सगळे ओळखतात. मी तानाजी धुमाळ, एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचो, रिटायर होईपर्यंत. स्टोअरच्या माणसाचं काम काय? आलेला माल तपासायचा. ड्रम आला, झाकण उघड, टॉर्च मार, तळाला गाळ आहे का बघ, आणि मगच आत घे. सप्लायर माझ्यापुढे चळचळ कापायचे. एकाने तर मला नाव ठेवलेलं — ते जाऊ दे. सांगायचा मुद्दा, तेव्हापासून वस्तू तपासल्याशिवाय मी घरात घेत नाही. आमच्या मिसेसने, कलावतीने, साधी कोथिंबिरीची जुडी आणली तरी सोडून बघतो. तर ह्या मुलाने हा बल्ब आणला, स्वतःच्या हाताने करून, आणि आमच्या दारातल्या पॅसेजमध्ये लावला. म्हटलं, ठीक आहे, बघूया. संध्याकाळी जिन्यातून वर आलो, दार उघडलं, बल्ब मस्त पेटलेला. जवळ गेलो, टॉर्च काढली, जरा निरखून वर बघितलं — आणि तो बंद.

बाजूला झालो — चालू. परत गेलो, बघितलं — बंद. कलावतीला म्हटलं, तू जा. ती गेली, पिठाच्या हातांनी, चालूच. रसिका गेली, चालू. शेजारच्या कृतिका वहिनी वाटी परत द्यायला आलेल्या, त्यांना उभं केलं, चालू — त्यांच्यासाठी तर मला वाटलं जरा जास्तच पेटला. शेवटी मांजर. जिन्यातली आहे, आमची नाही, तिला बिस्किट दाखवून आत आणलं. मांजर गेली, चालू. मी गेलो, बंद. आता मला सांगा, हा बल्ब बायकोला ओळखतो, शेजारणीला ओळखतो, परक्या मांजराला ओळखतो, आणि लाइटचं बिल ज्याच्या नावावर येतं त्याला बघून डोळा मिटतो, ह्याचा अर्थ काय घ्यायचा माणसाने? वॉचमन म्हणाला, काका, कॅमेरा असणार. कॅमेरा तर कॅमेरा, पण सासऱ्याचा फोटो बघून बंद होणारा कॅमेरा? असं काही निघालंय का बाजारात? तुम्हाला माहिती असेल म्हणून विचारतो.

पुराव्याशिवाय बोलणारा माणूस मी नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोग केले. म्हटलं, चेहरा ओळखत असेल, तर कलावतीचा गाऊन घातला, डोक्यावरून रसिकाची ओढणी घेतली, चालसुद्धा बदलली — चालून दाखवू? नको? बरं — आणि टॉर्चच्या उजेडात दबकत दबकत गेलो. बंद. म्हटलं, उंची ओळखत असेल, मग रांगत गेलो. टॉर्च दातात धरली, कारण दोन्ही हात जमिनीवर, आणि मान वर करून बघितलं. बंद. नेमकं तेव्हाच दार लोटून कृतिका वहिनी आत आल्या, दुसरी वाटी घेऊन. वाटी माझ्यासमोर फरशीवर ठेवली आणि गेल्या. मग मी त्या डाळीवर चिकटपट्टी लावली, म्हटलं बघ आता कसा बघतोस, तर हा पठ्ठ्या भर दुपारीसुद्धा पेटूनच राहिला. म्हणजे रागावला. काढली पट्टी.

त्यात कलावतीची वेगळी तऱ्हा. आमच्याकडे संध्याकाळी दिवा लागला की हात जोडायचे, तुमच्याकडेही असेलच ही पद्धत. मग तो देवापुढचा असो नाहीतर बल्ब असो, उजेड झाला की माणूस असेल तिथे, असेल तसा हात जोडणार. आता पूर्वी दिवेलागण एकदाच व्हायची. पण मी प्रयोग करतोय — मी गेलो, बंद, आलो, चालू — आणि चालू झाला की ही हात जोडते. लाटणं हातात असलं तर लाटण्यासकट. एक पोळी तव्यावर करपली, दुसरी पोळपाटावर वाळली. शेवटी म्हणाली, अहो, आज एकूण किती वेळा दिवेलागण करायचीय ते एकदा सांगा, म्हणजे मी कणीक तरी झाकून ठेवते. आणि दिवा विझला म्हणायचं नाही, ते तिला चालत नाही. शांत झाला म्हणायचं. मग मी पॅसेजमधून ओरडतो, शांत झाला. चालू झाला, हिचा नमस्कार. मी परत, शांत झाला. खालच्या मजल्यावरचे दोघं पांढरे कपडे घालून वर आले, म्हणाले, कोण गेलं हो?

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मग तो रविवार आला. प्रणितचे आईवडील घर बघायला येणार, म्हणून ठाण्याहून माझी मोठी बहीण आलेली, बायजाताई. आमचा जिना अंधारा, म्हणून मी टॉर्च घेऊन दारात उभा. ते आले. वडील शांत गृहस्थ, आई जरा बुजरी, हातात चिक्कीचा पुडा. बल्ब छान पेटलेला. मी या या म्हणत त्यांना आत घेतलं आणि सहज, आज तरी हा चार माणसांत नीट वागतो का, म्हणून वर टॉर्च मारून बघितलं. झालं. बंद. टॉर्च वर, माणसं खाली, कोणाला काही दिसेना, त्याच्या वडिलांचा पाय चपलांच्या रॅकमध्ये, आणि स्वयंपाकघराच्या दारातून बायजाताईचा आवाज — तानाजी, मुलीचा बाप पुढे झाला आणि दिवा शांत झाला, हे काही बरं नाही. आता मी असलं काही मानत नाही. कधीच मानलं नाही. कंपनीत मी अमावास्येला गाड्या खाली करून घेतल्यात. पण त्या दिवशी ती म्हणाली, बरं नाही, आणि मला आतून एकदम बरं वाटलं. म्हणजे असं गार वाटलं. — असं नका बघू माझ्याकडे. भिंगातून बघा.

मुलगा वाईट? कोण म्हणालं वाईट? तोच तर त्रास आहे. मी काय तपासायचं सोडलंय का? विठ्ठलवाडीला जाऊन आलो, गुपचूप, त्यांच्या गल्लीतल्या न्हाव्याकडे दाढी करून घेतली. न्हाव्याला सगळ्या गल्लीचं माहिती असतं. गरज नव्हती दाढीची, आदल्या दिवशीच केलेली. तो म्हणाला, प्रणित ना, चांगला आहे हो, घाई असली तरी म्हाताऱ्याला आधी बसू देतो. तंबाखू नाही, काही नाही. आमच्याकडे जेवायला आला तेव्हा कारल्याची भाजी मुद्दाम करायला लावली, गूळ न घालता. दोनदा मागून घेतली. गाळच नाही हो तळाला. टॉर्च मारून मारून माझे डोळे दुखले. एवढ्या वर्षांत असा माल कधी आला नाही माझ्याकडे, म्हणून तर संशय येतो. आणि दर रविवारी येतो तो हात हलवत नाही येत, घरातलं काहीतरी एक दुरुस्त करून जातो. आधी मिक्सर केला. मग बेल. मग इस्त्री. मग मोरीतला नळ, जो मी आज करतो, उद्या करतो म्हणत होतो. आता घरात बिघडलेलं काही उरलंच नाही. मग मी काय करू? तुम्ही सांगा, मी संध्याकाळी बसून काय करू?

पूर्वी लाइट गेली की फ्यूज मी बांधायचो. स्टुलावर मी, आणि खाली रसिका टॉर्च धरून. एवढीशी होती. दोन्ही हातांनी धरायची, जराही हलवायची नाही, आणि मधून मधून विचारायची, बाबा, उजेड पुरतो का? कंपनीत माझ्या हाताखाली मोठमोठी माणसं होती, एकालाही तशी टॉर्च धरता आली नाही. आणि संध्याकाळचा दिवाही तीच लावायची. टाचा उंच करून बोट बटणापर्यंत पुरायला लागलं त्या दिवसापासून. ती बटण दाबणार, आम्ही दोघं हात जोडणार. नोकरीला लागली तरी सुट्टीच्या दिवशी तीच. आणि हा मुलगा येतो, माझ्याच स्टुलावर चढतो, बल्ब बसवतो, खाली उतरून हात पुसत पुसत मला म्हणतो काय — काका, आता रसिका नसली तरी दिवा वेळेवर लागेल. चांगल्या मनाने म्हणाला. हसून म्हणाला. मला कळतं हो. पण असं कोणी बोलतं का? बापाच्या तोंडावर? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पोटात गॅस आहे म्हणून सांगितलं घरी. गॅसबिस काही नव्हता.

काय, सापडलं? अहो, होल्डरला कुठे लावताय उघडाच, शॉक बसेल — बरं, तुमचं तुम्हाला माहिती. लागत नाहीये. बिघडवला ना मी? सुरी आत गेली असणार. अंगठा का ठेवताय डाळीवर? अरे. लागला. हात जोडले का मी? सवय आहे, लक्ष देऊ नका. अंगठा काढला, बंद. ठेवला, चालू. काढला — थांबा, थांबा, जरा मला करू द्या. म्हणजे डाळीवर उजेड पडला की बल्ब बंद, आणि डाळीपुढे अंधार झाला की चालू. एवढंच? कॅमेरा नाही? ओळखबिळख काही नाही? हे काय दाखवताय, पाकीट — अगदी ह्याच डाळी आहेत की, पाकीटभर. काय लिहिलंय, चष्मा — एल डी आर. म्हणजे संध्याकाळ झाली की हिला कळतं. बटण नको, माणूस नको, संध्याकाळ झाली की झालं. चांगली वस्तू आहे. चांगलीच आहे, वाईट कशाला म्हणू. पण मग मी आलो की का बंद? कलावती आली की नाही, मांजर आली की नाही, माझ्यातच असं काय — काय? खिशाकडे का बोट दाखवताय? खिशात काही नाही, रुमाल आहे, चष्म्याचं घर आहे, आणि ही टॉ—

हं.

रांगताना पण दातात होती.

म्हणजे मीच. प्रत्येक वेळेला मीच. मी जाऊन त्याच्या डोळ्यात टॉर्च मारणार, त्या बिचाऱ्याला वाटणार सकाळ झाली, तो झोपणार, आणि मी म्हणणार, बघा, मला बघून झोपला. आणि गाऊन घातला तो फुकट. बायजाताईला काय सांगू आता? आणि त्याच्या वडिलांचा पाय मुरगळला तो माझ्यामुळे, आणि ते बिचारे मला सॉरी म्हणाले, तुमचं रॅक वाकलं म्हणून. तुम्हाला हे कधी कळलं? मी रांगण्याचं सांगितलं तेव्हाच कळलं ना? मग तेव्हाच अडवायचं नाही का? एवढं सगळं बोलू दिलंत.

भाऊ, एक काम कराल? हे आपल्या दोघांत. वस्तू चांगली आहे, मान्य, पण असं म्हणता येईल का की पावसाळ्यात वगैरे, ओल आली की, थोडी धोक्याची? लिहून नको, नुसतं तोंडी म्हणा. मी घरी जाऊन सांगतो, कल्याणला एक जाणकार माणूस आहे, तो म्हणाला की असला बल्ब लावणारा मुलगा जरा बेफिकीर असतो. नाही? थोडासा बेफिकीर? असं डोकं हलवू नका. आणि ते सोल्डर दाखवू नका मला, दिसतंय मला, स्वच्छ आहे, एक थेंब इकडे-तिकडे नाही, भोकाच्या कडासुद्धा घासून गुळगुळीत केल्यात. कोणाच्या बोटाला लागू नये म्हणून केल्या असणार. मला एक कारण पाहिजे होतं हो. माणसात सापडेना म्हणून बल्बमध्ये शोधत बसलो. मला ती जायला नकोय, बास, एवढंच आहे. विठ्ठलवाडी काय लांब नाही, रिक्षाने अर्धा तास, रोज जाऊ शकतो मी, रोज गेलो तर हाकलतील म्हणा. पण दिवेलागणीला ती तिथे असणार, आणि आमच्याकडे बल्ब आपोआप लागणार, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघून हात जोडणार. वाईट वाटतं मला. खूप वाईट वाटतं.

थांबा, फोन. कोण — तिचाच. बघा, रसिका. वाजू दे. वाजून वाजून बंद होईल. असं काय बघताय, उचलू? उचलतो. हॅलो. हां रसिका, बोल. कुठे नाही, कल्याणला आलेलो. भाजीला. हो, भाजीला कल्याणला, स्वस्त मिळते. जेवलो. पाणी प्यायलो. हो, हो, विसरलो नाहीये. सांगतो. अगं सांगतोय की, तेच सांगायला — हां, तर तो मुलगा, प्रणित, मी काय म्हणत होतो, की तो — म्हणजे आपण — रसिका, तू —

भाऊ, घ्या. फोन घ्या हो, धरा हातात. मला नाही जमत. तुम्ही सांगा तिला, बाबांनी हो म्हटलंय. तेवढंच सांगा, कोण बोलतंय विचारलं तर दुकानदार म्हणा. मघापासून मी एकटाच बोलतोय, आता तुम्ही बोला.

बोला ना. ती थांबलीय.